लाईट गेली, पिल्लांना ऊब कुठून द्यायची?

वादळात तारा तुटतात, रोहित्र जळते, कधी दुरुस्तीसाठी दिवसभर पुरवठा बंद राहतो. बहुतेकांची त्यात गैरसोय होते. पण ज्याच्या घरात चार दिवसांची कोंबडीची पिल्ले दिव्याखाली बसलेली आहेत, त्याच्यापुढे जिवाचा प्रश्न उभा राहतो. दिवा विझला की थोड्याच वेळात पिल्ले जोरजोरात ओरडू लागतात आणि घरातला प्रत्येक जण वेगळेच काही सुचवतो. कोणी म्हणते शेगडी पेटवून जवळ ठेवा. कोणी म्हणते खोक्यावर जाड चादर टाका. कोणी म्हणते, पूर्वी कुठे होते दिवे, तरी पिल्ले वाढलीच ना? यातला पहिला सल्ला जीवघेणा आहे, दुसरा अर्धवट आहे आणि तिसऱ्यात बरेच तथ्य आहे. तसे का, ते समजून घेतले की अंधारात हात योग्य दिशेने चालतात.

पिल्लाला बाहेरची ऊब का लागते?

मोठ्या कोंबडीचे शरीर सुमारे ४१ अंश सेल्सिअसला असते. पिल्लाचे शरीरही ४० अंशांच्या आसपास राहावे लागते, पण ते स्वतः राखण्याची ताकद त्याच्यात अजून आलेली नसते. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू जेमतेम ३५ ते ४५ ग्रॅम वजनाचे. शरीर जितके लहान, तितकी वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त, आणि उष्णता कातडीतूनच निसटते. त्यातून अंगावर पिसे नाहीत, फक्त मऊ लव. लव कोरडी असेल तर थोडीशी हवा धरून ठेवते. भिजली तर तिचा काही उपयोग राहत नाही.

आपले तापमान आपण सांभाळण्याची क्षमता पिल्लात पहिल्या दोन आठवड्यांत हळूहळू येते. पिसांचा जाड थर यायला आणखी काही आठवडे लागतात. तोवर त्याला ब्रूडर लागतो. ब्रूडर म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देणारी आडोशाची जागा, मग ऊब दिव्याची असो, तापणाऱ्या पट्टीची असो की गॅसची. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३२ ते ३५ अंश तापमान हवे असते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत पाचव्या-सहाव्या आठवड्यात २१ अंशांच्या आसपास यायचे. हा आकडा दिव्याखालच्या जागेचा आहे, सगळ्या खोलीचा नव्हे. पिल्ले तिथे ऊब घेतात, बाहेर येऊन दाणे टिपतात, पुन्हा आत शिरतात.

म्हणून लाईट गेल्यावर सर्वांत आधी पिल्लांचे वय आठवा. पाच आठवड्यांची, अंगभर पिसे आलेली पिल्ले कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी एकमेकांना चिकटून रात्र काढतात. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांना आडोसा आणि सोबत दिली तर काही तास निभतात. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांसाठी मात्र लगेच उठावे लागते. पुढचे जवळजवळ सगळे त्यांच्याबद्दलच आहे.

ऊब तयार करायची की राखायची?

दिव्याची सवय झालेल्या माणसाला पहिला विचार सुचतो तो दुसरी आग शोधण्याचा. तो विचार थोडा बाजूला ठेवा. रजई स्वतः गरम नसते. तिच्यात चूल नाही की तार नाही, तरी थंडीच्या रात्री आपण तिच्याखाली ऊबदार झोपतो, कारण आपल्याच अंगाची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही. पिल्लेही उष्णता तयार करतात, थोडी का होईना. ती वाया जाऊ न देणे हे आपले पहिले काम, बाहेरून ऊब पुरवणे हे दुसरे.

हे नुसते तर्काने सांगत नाही. अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिल्ले टपालाने पाठवली जातात. पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोणत्याही हीटरशिवाय, दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला. शंभर पिल्लांच्या पारंपरिक खोक्यात चार खण असतात आणि प्रत्येक खणात पंचवीस पिल्ले. खोका बुटका, जागा मोजकी, हवेसाठी भोके. पिल्ले एकमेकांना खेटून असल्यामुळे प्रत्येकाच्या अंगाचा फार थोडा भाग हवेला उघडा राहतो आणि सगळी मिळून एकाच मोठ्या प्राण्यासारखी ऊब धरून ठेवतात. ताज्या पिल्लाच्या पोटात अंड्यातला उरलेला बलक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरते. तुमच्या घरातल्या चार-पाच दिवसांच्या पिल्लाकडे तो साठा उरलेला नसतो, त्याला दाणापाणी द्यावेच लागते. उबेचे गणित मात्र तेच.

उष्णता निसटते कुठून? पायाखालच्या गार फरशीतून, वाऱ्याच्या झुळकीबरोबर, ओल्या अंगावरचे पाणी सुकताना आणि वरच्या मोकळ्या जागेकडे, कारण गरम हवा वर चढते. मोठ्या पिंजऱ्यात किंवा उंच टबात मूठभर पिल्ले ठेवली असतील तर हे चारही मार्ग उघडे असतात. दिवा चालू असताना ते खपून जाते. दिवा विझला की तीच प्रशस्त जागा पिल्लांच्या जिवावर उठते.

तेव्हा जागा लहान करा. सगळी पिल्ले शेजारी शेजारी बसली की निम्म्याहून थोडी जास्त जमीन भरेल इतपत खोका घ्या. तो फरशीवर ठेवू नका. खाली लाकडाची फळी, घडी घातलेले ब्लँकेट किंवा वर्तमानपत्रांची जाड चळत द्या. आत कोरडा भुसा किंवा तूस चार बोटे जाड पसरा. नुसता कागद अंथरला तर त्यावर पाय घसरतात आणि कोवळ्या पिल्लांचे पाय फाकतात. खोक्याचे कोपरे पुठ्ठ्याची पट्टी वाकवून गोल करा, कारण घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात घुसतात आणि एकमेकांवर चढतात. पाण्याचे भांडे उथळ आणि जड हवे, त्यात खडे घालून ठेवा. अंधारात भांडे कलंडून पिल्ले भिजणे हे थंडीपेक्षाही वाईट, कारण भिजलेले पिल्लू फार झपाट्याने गारठते.

खोली निवडायला वाव असेल तर घरातली सर्वांत लहान, आतल्या बाजूची, खिडकीच्या झुळकीपासून दूर असलेली खोली निवडा.

झाकून टाकले तर गुदमरणार नाहीत का?

ही भीती रास्त आहे, म्हणूनच जाड चादरीचा सल्ला मी अर्धवट म्हटला. खोका चारी बाजूंनी घट्ट गुंडाळला तर आत दोन गोष्टी घडतात. श्वासातून बाहेर पडलेली वाफ भिंतींवर जमते आणि भुसा, लव सगळे दमट होते. शिवाय पिल्लांना ताजी हवा कमी पडते. म्हणून बाजू झाका, वरचा बहुतेक भाग झाका, पण वरच्या कडेला दोन विरुद्ध बाजूंना फटी मोकळ्या ठेवा. हवा पिल्लांच्या डोक्यावरून खेळली पाहिजे, अंगावरून नाही. थोड्या थोड्या वेळाने हात आत घालून पाहा. हाताला दमट लागले किंवा नाकाला उग्र वास आला तर फट वाढवा.

गुदमरण्याचा मोठा धोका चादरीपेक्षा पिल्लांचाच एकमेकांना असतो. गारठलेली पिल्ले ढीग करतात, वरची ऊब शोधत आणखी आत शिरतात आणि तळाची दबून मरतात. सकाळी मेलेली पिल्ले पाहून आपण थंडीला दोष देतो, पण त्यातली कित्येक दबून गेलेली असतात. टपालाच्या खोक्यात पंचवीस-पंचवीसचे खण करतात त्यामागचा एक हेतू हाच. तुमच्याकडे पन्नास-साठ पिल्ले असतील तर एका मोठ्या खोक्यापेक्षा दोन-तीन लहान खोके चांगले. ढीग दिसला की हलक्या हाताने मोडा आणि पिल्ले सारखी पसरून ठेवा.

आत एक मिणमिणता दिवा असू द्या, बॅटरीवरचा. एकदम काळोख झाला तर पिल्ले बावचळतात आणि ढीग करतात. शिवाय दिसत नसेल तर ती खात-पीत नाहीत.

बाहेरची ऊब: पाण्याची बाटली

आडोसा झाला की पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना थोडी बाहेरची ऊब द्यावीच लागते. त्यासाठी गरम पाण्याएवढे साधे आणि सुरक्षित दुसरे काही नाही. पाणी उष्णता भरपूर साठवते आणि सावकाश सोडते. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ४० अंशांवर येईपर्यंत सुमारे ८४ किलोज्यूल उष्णता देते, म्हणजे २३ वॅटचा हीटर तासभर चालवावा इतकी. खोलीसाठी ती काहीच नाही. खणाएवढ्या बुटक्या, झाकलेल्या खोक्यासाठी पुरेशी आहे. म्हणूनच जागा आधी लहान करायची.

उकळते पाणी भरू नका. प्लास्टिकची बाटली मऊ पडते आणि पिल्ले भाजतात. पाणी हाताला चांगले गरम लागेल इतपत तापवा, झाकण घट्ट लावून बाटली उलटी धरून गळत नाही ना ते पाहा, मग कापडात गुंडाळा. मनगटाची आतली बाजू त्या कापडावर टेकवून सुखाने ठेवता आली तर ती पिल्लांना चालेल. कापड गुळगुळीत विणीचे घ्या. टर्किश टॉवेलच्या फासांत पिल्लांची नखे अडकतात आणि सुटलेले दोरे पायाला किंवा मानेला गुंडाळले जातात. बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त ऊब झाली तर पिल्लांना दूर जाता येईल. तिला दोन्हीकडून टेकू द्या. लोळलेल्या बाटलीखाली पिल्लू चिरडू शकते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. निवलेली बाटली आत तशीच राहिली तर ती ऊब देण्याऐवजी घेऊ लागते. पिल्लाचे अंग ४० अंश, बाटली २५ अंश, मग उष्णता पिल्लाकडून बाटलीकडेच जाणार. म्हणून बाटल्यांच्या दोन जोड्या ठेवा. एक आत असताना दुसरीचे पाणी तापत असू द्या. रात्री बदलणे शक्य नसेल तर निवायला लागलेली बाटली काढून घ्या आणि ती जागा पुठ्ठा लावून कमी करा.

घरात ऊबदार मऊ कापड असेल तर आणखी एक उपाय आहे. पिल्लांच्या पाठीला अलगद टेकेल इतक्या उंचीवर पुठ्ठ्याचे छत करा आणि त्याला खालून कापडाच्या पट्ट्या लटकवा. पिल्ले पट्ट्यांत शिरून बसतात आणि त्यांचीच ऊब वर निसटायची थांबते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा विनाआगीच्या ब्रूडरमध्ये लोक पिल्ले वाढवत असत. मात्र त्यासाठी दहा-बारा तरी पिल्ले एकत्र हवीत.

पिल्लू एकटेच असेल तर त्याची स्थिती सर्वांत नाजूक. त्याला बाटलीशेजारी मऊ कापडाच्या घडीत ठेवा, किंवा अंगावरच्या कपड्यांच्या आत, आपल्या छातीशी, नाक मोकळे राहील असे धरा. नंतर साबणाने हात धुवा. पिल्लांच्या विष्ठेत आणि पिसांवर साल्मोनेला हे जंतू असू शकतात, आणि लहान मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो.

शेगडी जवळ ठेवली तर काय बिघडते?

बंद खोलीत कोळसा, लाकूड किंवा रॉकेल जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात जिथे प्राणवायू बसायचा तिथे हा बसतो आणि सहजासहजी हटत नाही. पक्ष्यांची फुप्फुसे हवेतून वायू ओढून घेण्यात आपल्यापेक्षा फार कार्यक्षम असतात, म्हणून विषारी हवा त्यांना आधी बाधते. याच कारणाने ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत कामगार कॅनरी पक्षी सोबत नेत, आणि ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. तुमच्या खोलीत आधी पिल्ले जातील आणि नंतर माणसे. झोपायच्या खोलीत पिल्लांसाठी शेगडी ठेवण्याचा विचारही करू नका. घरात, पडवीत किंवा खिडकीखाली जनरेटर चालवण्यातही हाच धोका आहे. तो उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूरच हवा.

मेणबत्ती, कंदील, दिव्यावर पालथे घातलेले मातीचे भांडे, हे सगळे भुशाच्या शेजारी नको. भुसा क्षणात पेट घेतो. पाणी तापवायला चूल किंवा गॅस जरूर वापरा, पण स्वयंपाकघरात, पिल्लांपासून दूर. नॉनस्टिक भांडे रिकामे तापत ठेवू नका. फार तापले की त्याच्या थरातून निघणारी वाफ पक्ष्यांना मारक असते.

इनव्हर्टर आहे, त्यावर दिवा लावला तर?

लावा, पण आधी हिशोब करा. ब्रूडरसाठी विकला जाणारा लाल इन्फ्रारेड दिवा बहुधा २५० वॅटचा असतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,२०० वॅट-तास ऊर्जा असते. शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी आणि इनव्हर्टरही थोडी खातो. म्हणजे हा दिवा दोन तासांच्या आसपास चालेल. त्याच बॅटरीवर २० ते ४० वॅटची तापणारी पट्टी रात्रभर चालू शकते. ही पट्टी बुटक्या टेबलासारखी असते आणि पिल्ले तिच्याखाली बसतात. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी पिल्ले आणण्याआधीच दिव्याऐवजी अशी पट्टी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. आग लागण्याचा धोकाही त्यात कमी.

एलईडी बल्बवर विसंबू नका. ९ वॅटच्या एलईडीने उजेड भरपूर पडतो, ऊब नगण्य मिळते. जुना तारेचा बल्ब विजेचा फार मोठा भाग उष्णतेतच उडवतो. म्हणूनच ४० किंवा ६० वॅटचा तसा बल्ब पिल्लांच्या कामी येई.

पूर्वी कुठे होते दिवे?

नव्हते, पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी होती. खुडूक कोंबडीच्या पोटावरची पिसे झडून कातडीचा उघडा भाग तयार होतो. पिल्ले त्याला थेट टेकून बसतात, वरून पंखांचे छत आणि ४१ अंशांची ऊब. एक कोंबडी आकारानुसार दहा-बारा पिल्ले सहज पांघरते, आणि तिला लाईट गेल्याचे कळतही नाही. पिल्ले दिवसभर तिच्याखालून आत-बाहेर करतात, हेही ध्यानात घ्या. म्हणजे सतत ३५ अंशांतच असावे असे पिल्लाला लागत नाही. गारठले की ऊब मिळण्याची जागा तेवढी हवी.

म्हणून ऐनवेळी कोणतीही कोंबडी पकडून पिल्लांवर बसवायची का? नाही. जी खुडूक नाही ती परक्या पिल्लांना टोचून मारू शकते. आधीपासून खुडूक बसलेली कोंबडी असेल आणि पिल्ले एक-दोन दिवसांची असतील, तरच रात्रीच्या काळोखात एकेक पिल्लू तिच्याखाली सरकवून पाहावे आणि उजाडेपर्यंत लक्ष ठेवावे.

ऊब पुरते आहे हे कसे ओळखायचे?

थर्मामीटर असेल तर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवा. नसेल तर पिल्लेच सांगतात. सुखात असलेली पिल्ले हलक्या आवाजात चिवचिवतात आणि सैलसर पसरून बसतात. गारठलेली घट्ट गठ्ठा करून उंच, तीक्ष्ण आवाजात ओरडतात. एकाच बाजूला सरकून बसली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे, ती फट शोधा. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले आणि सगळी भिंतीकडे पळालेली दिसली तर उकडते आहे.

शांतता झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. फार गारठलेले पिल्लू ओरडायचेही थांबते. पिल्लू हातात घेऊन त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर ते गारठलेले आहे, दिसायला कसेही असो.

गळून पडलेले पिल्लूही पुष्कळदा वाचते. ते ओले असेल तर आधी पुसून कोरडे करा. मग कापडात गुंडाळून ३५ अंशांच्या आसपासच्या उबेत सावकाश गरम होऊ द्या. भट्टीसारखी झळ लावू नका. मान धरता येऊ लागली की साखर घातलेल्या कोमट पाण्यात चोचीचे टोक बुडवा, ते आपण होऊन गिळेल. चोच उघडून पाणी ओतायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. अंग गार असेपर्यंत दाणेही नकोत, कारण थंडावलेल्या शरीरात पचन जवळजवळ थांबलेले असते.

हजारो पिल्लांच्या शेडमध्येही तत्त्व तेच. पडदे बंद, चिकगार्डचे, म्हणजे पिल्लांभोवतीच्या बुटक्या कुंपणाचे, वर्तुळ लहान, पिल्लांचे गट वेगळे. फक्त तिथे पंखेही बंद पडतात, त्यामुळे उन्हाळ्यात थंडीपेक्षा कोंडलेल्या हवेचा आणि उकाड्याचा धोका मोठा असतो.

लाईट आल्यावर

आता घाई करू नका. खोका गुंडाळलेला असतानाच वरून दिवा लावला तर अर्ध्या तासात पिल्ले उकडून जाऊ शकतात, आणि दिव्याला टेकलेले कापड किंवा पुठ्ठा पेटू शकतो. आधी पांघरूण काढा, बाटल्या काढा, पिल्ले मोठ्या जागेत सोडा, मग दिवा त्याच्या नेहमीच्या उंचीवर लावा. ओला भुसा बदला. कोमट पाणी ठेवा आणि मरगळलेल्या पिल्लांची चोच त्यात एकदा बुडवून त्यांना पाणी दाखवा.

पुढचे दोन-तीन दिवस प्रत्येक पिल्लाची मागची बाजू रोज पाहा. थंडीचा ताण बसलेल्या पिल्लांच्या गुदद्वाराला विष्ठा चिकटून वाळते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून हळूच काढा, ओढू नका, आणि ते पिल्लू पूर्ण कोरडे झाल्यावरच बाकीच्यांत सोडा.